तात्यांच्या बाजूचं दार

आणि वर मलाच विचारतात हो! माझे दोन्ही हात पिठात, तव्यावर भाकरी फुगलेली, आणि आमचे हे मागून येऊन माझ्या कोपराला काहीतरी गार गार लावतात नि म्हणतात, "हलू नकोस. नुसतं टेकव. काय वाटतं?" काय वाटणार? भाकरी करपली असं वाटतं! वळून बघते तर ह्यांच्या हातात रेक्झिनचा तुकडा, चॉकलेटी. म्हणे, "तात्यांना टोचलं नसतं ना गं हे?" आता तुम्हीच सांगा, तात्या म्हणजे माझे सासरे, जाऊन अख्खा पावसाळा उलटला, आणि मी भाकऱ्या थापता थापता त्यांच्या कोपराच्या वतीने उत्तर द्यायचं!

नाही, थांबा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाईला वेड लागलंय. वेड लागलंच होतं, पण मला नाही… म्हणजे आधी मला नाही.

आमचे हे म्हणजे गोरक्ष. नाशिकला अंबडमध्ये कंपनीत आहेत, क्वालिटीला. दिवसभर दुसऱ्यांनी बनवलेले पार्ट हातात घ्यायचे, उजेडात धरायचे आणि बाजूला टाकायचे. रिजेक्ट! पगार त्याचाच. घरी आमचा आडगावकडे छोटासा मळा, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. ती फुलं बाजारात न्यायला एक जुनी मारुती व्हॅन, आणि ती व्हॅन तात्यांची. चालवायचे हे, पण गाडी चालायची तात्यांच्या तोंडाने! तात्या पुढे डाव्या बाजूला बसणार, काच अर्धी खाली, कोपर दारावर टेकवलेलं, आणि सुरू… "आता वळ. आता दाब. आता कशाला दाबलास?" फुलांचे कॅरेट मागे, आणि घरातली बायकामाणसं कॅरेटांच्या मधे जिथे जागा होईल तिथे.

आणि ह्या माणसाने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, जन्मात काहीही आणलं, बूट आणू द्या, पंखा आणू द्या, कोथिंबिरीची जुडी आणू द्या, तात्या चष्मा कपाळावर सरकवून एकच म्हणायचे, "हे काय आणलंस?" बस! पंखा परत जायचा, बूट बदलून यायचे. कोथिंबीर मी लपवून ठेवायचे. मी स्वतः वाचले ती एवढ्यासाठी, की मला तात्यांनीच पसंत केलं होतं. ह्यांनी केलं असतं तर मी आज कुठे असते कोण जाणे.

तर त्या व्हॅनच्या डाव्या दाराला आतून एक हार्डबोर्डचा पॅनल होता, वर पातळ रेक्झिन. फुलांचं पाणी पिऊन पिऊन तो पॅनल असा फुगला होता, कडा निघाल्या होत्या, आणि तात्यांच्या प्रत्येक सदऱ्याची डावी बाही तिथे अडकून फाटायची. तात्या म्हणायचे, "ह्या दाराने माझे सगळे सदरे खाल्ले." हे म्हणायचे, "तात्या, करून टाकू ना नवीन." तात्या म्हणायचे, "तू? तू काय आणशील ते मला ठाऊक आहे!" असं करता करता तात्या गेले. झोपेतच गेले, शांत, कोणाला त्रास नाही… त्रास सगळा नंतर.

दहाव्याला आम्ही सगळे रामकुंडावर. पिंड मांडलेला, गुरुजी उभे, नातेवाईक उभे, आणि कावळा येईना! म्हणजे कावळे होते हो, पंधरा-वीस होते, समोरच्या कठड्यावर ओळीने बसून आमच्याकडे बघत होते, पण एकही खाली उतरेना. मग सुरू झालं, तुम्हाला माहितीच आहे, गेलेल्या माणसाची इच्छा काय राहिली ती ओळखायची आणि मोठ्याने शब्द द्यायचा. पुतळाआत्या, म्हणजे तात्यांची बहीण, ओरडली, "दादा, मळा विकणार नाही!" कावळा ढिम्म. मी म्हटलं, "आईंना नीट सांभाळू!" कावळ्याने मान फिरवली, अपमानच केला माझा. ऊन चढलं, गुरुजी घड्याळाकडे बघायला लागले, आणि ह्यांनी डोळे गच्च मिटले, हात जोडले आणि कळवळून म्हणाले, "तात्या, व्हॅनची दारं आतून नवीन करून देतो! दोन्ही!"

झप्पकन कावळा खाली! शिवला! अहो सगळ्यांनी सुस्कारा टाकला, पुतळाआत्या रडायला लागली, मीपण रडले. घरी येताना ह्यांच्या चेहऱ्यावर काय समाधान… आडगाव नाक्यापर्यंत टिकलं. नाक्यावर गाडी बाजूला घेतली, स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि म्हणाले, "सुवर्णा… मटेरियल कोणतं ते विचारायचं राहिलं."

तिथून सुरू झालं बघा. कावळा शिवून गेला हो, पण मटेरियल नाही सांगून गेला!

दुसऱ्या कोणी काय केलं असतं? गेला असता नाशिकच्या द्वारका चौकात, कुठल्याही सीट कव्हरवाल्याकडे, म्हणाला असता, बसव बाबा. पण हे पडले क्वालिटीवाले! द्वारकेजवळ महेशचं दुकान आहे, चांगला मुलगा, तोंडाने जरा जास्त. तो म्हणाला, "या साहेब, या वहिनी, आधी बेस ठरवू. प्लाय घ्या, एमडीएफ घ्या, प्लास्टिकची शीट आहे, अ‍ॅल्युमिनियम आहे. त्याच्यावर फोम. फोमवर कव्हर. सध्या टॅन चाललंय, टॅन आणि ब्लॅक, डायमंड स्टिच, एकदम एअरपोर्टमध्ये बसल्यासारखं वाटेल!" हे म्हणाले, "वडिलांना एअरपोर्ट नको आहे." महेश म्हणाला, "वडील कुठे आहेत? त्यांनाच आणा ना, पसंत करतील." मी त्याला डोळ्यांनी खुणावतेय, गप बस, गप बस, आणि हे शांतपणे म्हणाले, "ते येतील. आधी तू दाखव."

महेशने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं.

मग प्रत्येक बेसचा एकेक तुकडा घरी, आणि कुठे? आंघोळीच्या बादलीत! टेस्टिंग! आठवडाभर भिजत ठेवले. मी सकाळी तांब्या बुडवायला जावं तर वर प्लाय तरंगतोय. एमडीएफचा तर दुसऱ्याच दिवशी चहात पडलेला टोस्ट झाला. अ‍ॅल्युमिनियमला पाण्याने काही झालं नाही, म्हणून ते उन्हात ठेवलं आणि मला म्हणाले कोपर टेकव. मी टेकवलं! बघा, अजून डाग आहे. शेवटी वॉटरप्रूफ प्लाय पास झाला आणि मी देवापुढे साखर ठेवली. मला काय ठाऊक, अजून फोम बाकी होता!

फोम बघायला गेले तर दुकानात हे कोपराने दाबतायत. एक फोम, दुसरा फोम, टेबलावर वाकून, डोळे मिटून. गिऱ्हाईकं बघायला लागली. महेश म्हणाला, "साहेब, हाताने दाबतात फोम." हे म्हणाले, "त्यांचं कोपर माझ्यापेक्षा हाडकुळं होतं, मी थोडा जास्त जोर लावतोय." आणि कव्हर! लेदरचं नाव काढलं की हे लांब सरकायचे, कारण तात्या माळकरी, चामड्याला शिवतील का? तो बिचारा महेश छातीवर हात ठेवून सांगतोय, "साहेब, आईशप्पथ नकली आहे! शंभर टक्के नकली! अस्सल निघालं तर पैसे परत!" असा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. पण ह्यांनी तो तुकडा उजेडात धरला, वास घेतला, आणि मी स्पष्ट बघितलं, ह्यांचे ओठ हलले. तात्यांचा आवाज काढून स्वतःशीच म्हणाले, "हे काय आणलंस?" आणि तुकडा खाली ठेवला.

हसू नका. मीपण आधी हसायचे. पण मग मला दिसायला लागलं की ह्या माणसाच्या कानात तात्या अजून बोलतायत, चोवीस तास, आणि तात्यांना आता कोणी "जेवून घ्या" म्हणून गप्पसुद्धा करू शकत नाही. जेवण कमी झालं ह्यांचं. कंपनीत एक अख्खा लॉट रिजेक्ट केला, साहेबाने कारण विचारलं तर म्हणे, "मनाला पटत नाही." मला म्हणायचे, "सुवर्णा, शब्द दिलाय. त्या शब्दावर ते गेले. आता शब्द पुरा होईना म्हणजे ते मधेच अडकले असतील. इकडे नाही, तिकडे नाही. माझ्यामुळे." कावळा शिवून गेला, पण मटेरियल नाही ना सांगून गेला!

आता पुढचं सांगते, पण जरा जवळ सरका.

जुना पॅनल काढून टाकला होता. आतून दार उघडंबोडकं, नुसता पत्रा आणि पत्र्याला ही मोठी मोठी भोकं. व्हॅन मळ्याच्या टोकाला शेडमध्ये उभी, तोंड रस्त्याकडे; दारं होईपर्यंत फुलं शेजाऱ्यांच्या टेम्पोने बाजारात. संध्याकाळी वारा सुटला की त्या भोकांतून आवाज यायचा… हूंऽऽ… हूंऽऽ… तात्या हुंकार द्यायचे ना, अगदी तसा! मी म्हटलं वारा आहे. हे म्हणाले वारा आहे. दोघांनीही तिकडे जायचं बंद केलं. आणि एक दिवस फुलं तोडून परत येताना मी बघते तर डाव्या बाजूची काच अर्धी खाली! मी ह्यांना विचारलं, हे म्हणाले मी हात लावला नाही. वर केली. दुसऱ्या दिवशी परत अर्धी खाली. पूर्ण नाही हं. अर्धी! तात्या ठेवायचे तेवढीच!

तरी मी म्हटलं हँडल सैल झालं असेल. मग ह्यांनी धीर करून प्लायवर फोम लावला, फोमवर ते चॉकलेटी रेक्झिन लावलं, दाराला क्लिपांनी बसवलं. दोन दिवसांत रेक्झिनला फोड आला. कुठे? बरोबर कोपराच्या जागी! महेश म्हणाला, "सोल्युशन वाळू दिलं नाही तुम्ही, उन्हाने हवा धरली." हे म्हणाले, "नाकारलं त्यांनी." ओरबाडून काढलं सगळं. मग काय आणलं? मखमल! मरून मखमल! म्हणे मऊ असते, सदरा फाटणार नाही. बसवली. दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर आम्ही दोघं बघायला गेलो… आणि मखमलीवर, तुम्हाला सांगते, माझ्या अंगावर आत्ता काटा आला बघा… मखमलीवर कोपराची खूण. लव दबलेली, स्वच्छ, गोल. आणि तिथून मनगटापर्यंत हाताची रेघ.

ह्यांनी ब्रशने लव सरळ केली. दुसऱ्या दिवशी परत खूण. परत सरळ केली. परत खूण!

मी घाबरले. खोटं कशाला सांगू, बी.कॉम. झालेली बाई मी, पण मी घाबरले. त्या शेडच्या बाजूला दिवसाढवळ्यासुद्धा मान वळवायची नाही असं केलं. सासूबाईंना सांगावं की नाही? आमच्या सासूबाई म्हणजे कुसाबाई, गुडघे धरलेले, तात्या गेल्यापासून खाट ते उंबरा, उंबरा ते खाट, दुपारी आम्ही बाहेर पडलो की तोंडावर पदर घेऊन झोपणार. शेवटी ह्यांनी सांगितलंच. "आई, व्हॅनमध्ये कोणीतरी येऊन बसतं." सासूबाई शेंगा निवडत होत्या. मानसुद्धा वर केली नाही. म्हणाल्या, "बसत आसंल. बसू द्या ना. तुमचं काय जातंय?"

झालं! हे पांढरेफटक पडले. "बघ, आईला माहिती आहे! आईला दिसतात ते!"

वर्षश्राद्ध तोंडावर आलं. हे म्हणाले, त्याच्या आत झालं पाहिजे, नाहीतर वर्षाचं जेवण तरी कुठल्या तोंडाने वाढू? आणि मग ह्यांनी ठरवलं की तात्यांनाच विचारायचं. कसं? अहो, अर्धी सुट्टी टाकून भर दुपारी घरी आले, देवघरातलं पितळी ताट घेतलं आणि त्यात सगळे तुकडे मांडले. नैवेद्याला वाढतात ना, तसे! डाव्या बाजूला प्लाय, मधे फोम दोन प्रकारचा, उजवीकडे रेक्झिन, नकली लेदर, मखमल, सीटचं कापड. भोवती पाणीसुद्धा फिरवलं! म्हणाले, "पिंडाला कावळा शिवला तसं ज्याला शिवतील ते घ्यायचं." ताट माझ्या हातात दिलं. का माझ्या? तर "तू त्यांची पसंती आहेस, तुला काही करणार नाहीत!"

निघाली वरात. मी पुढे ताट घेऊन, हे मागे हात जोडून. शेडच्या अलीकडे पोचलो आणि… कर्रर्र… कर्रर्र… आतून काचेचं हँडल फिरतंय! डोळ्यांदेखत काच खाली येतेय! अर्ध्यावर आली, थांबली. हे तिथेच मातीत गुडघ्यावर बसले आणि ओरडले, "तात्या! माझं चुकलं असेल, पण कोणतं मटेरियल पाहिजे ते एकदा तोंडाने सांगा हो! मला सुटू द्या, तुम्ही सुटा!"

आणि काचेतून कोपर बाहेर आलं.

कोपर आलं, आणि कोपराच्या वर… हिरव्या ठिपक्यांच्या ब्लाउजची बाही. मी म्हटलं, तात्या आणि ठिपक्यांचं ब्लाउज?

"कोन बोंबलतंय रं?" आतून आवाज. "आत्ता कुठं डोळा लागत व्हता."

सासूबाई! पुढच्या सीटवर, पाय लांब करून, पदर खांद्यावर, रस्त्याकडे तोंड!

"आई… तू?" हे मातीतून उठले. "तू कधीपासून बसतेस इथे?"

"तेराव्यापासून. तुमी दोघं गेले का येते हळूहळू कुंपनाला धरून. हवा लय ग्वाड येती इथं. रस्ता दिसतो."

आता तुम्हाला वाटेल, भूत नाही म्हटल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडेल. पण हे सासूबाईंच्या पलीकडे, ड्रायव्हरच्या सीटवर, मागे कॅरेटांत, सगळीकडे डोकावून बघत होते. आणि मग तिथेच मातीत बसून लहान पोरासारखे रडायला लागले. "म्हणजे तात्या आलेच नाहीत? एकदाही नाही?" तेव्हा मला कळलं, ह्या माणसाला भुताची भीती नव्हती वाटत. त्याला वाटत होतं, निदान येतात तरी. निदान नाकारायला तरी येतात. मला फार वाईट वाटलं हो. ताट खाली ठेवून मी ह्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले.

सासूबाई म्हणाल्या, "गेलं ते मानूस, गोरक्ष. तिथंच रामकुंडावर गेलं. तूच धरून बसलाय त्याला. सोड आता."

"पण मग तू आम्हाला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू? म्हातारी गाडीत जाऊन बसती म्हनून? लोकं हसतील." आणि मग त्या काचेवर हात ठेवून बोलायला लागल्या, आमच्याकडे न बघता. "ही गाडी घरात आली तवापासनं मी मागं. आधी कॅरेट चढायचे, मंग उरलेल्या जागंत मी. तोंड मागच्या काचंकडं. आख्खं नाशिक मी लांब लांब जातानाच बघितलं बघ. देऊळ म्हना, दुकान म्हना, समोरून येताना मला कधी घावलंच नाय. पुढून कसं दिसतं ते बघावं म्हनलं मराच्या आधी. तर गाडी उभी. उभी तर उभी." आणि एकदम आमच्याकडे वळल्या, डोळे असे लाल! "इतकी वरसं मागं बसले, कोनाला दिसले नाय. चार दिस पुढं बसले, तर तुमाला भूत दिसलं!"

वारा पडला होता.

मग ह्यांनी डोळे पुसले, ते मातीतलं ताट उचललं, आणि काचेपाशी धरून म्हणाले, "आई, तुला ह्यातलं कोणतं आवडतं?" सासूबाईंनी ताटाकडे बघितलं, मग ह्यांच्याकडे बघितलं. असला प्रश्न त्यांना कोणी कधी विचारला नव्हता, कुठल्याच बाबतीत. मग म्हणाल्या, "कोन्तं बी लाव. फकस्त ती मखमल काढ. लय उकडतं, आन् टेकलं का लगीच सापडती मी." बोटांनी चाचपडत चाचपडत एक साधं हिरवं रेक्झिन उचललं, खरखरीत, महेशने फुकट दिलेलं. म्हणाल्या, "ह्ये. फुलांचं पानी सांडलं तर पुसता येईल." आणि हे? ह्यांनी ते उजेडात धरलं नाही, वास घेतला नाही. "बरं," म्हणाले. बस! एवढंच! माझी बादली गेली, माझं कोपर भाजलं, वर्षभर माझ्या घरात भूत नांदलं, आणि उत्तर खाटेवर शेंगा निवडत बसलेलं होतं!

झाली दारं. दोन्ही. सोल्युशन नीट वाळवून, हिरवी, साधी. वर्षश्राद्ध व्यवस्थित पार पडलं. आता सासूबाई रोज फुलांबरोबर बाजारात येतात, पुढे डावीकडे बसून. गुडघे? कसले गुडघे! टुणकन चढतात. आणि हे त्यांना सगळं दाखवत नेतात, "आई, तो बघ उड्डाणपूल. आई, हे बघ, आता द्वारका येईल." चेहरा खुलला हो ह्यांचा, दोन भाकऱ्या जास्त जातात. मला आनंदच आहे. मनापासून आनंद आहे.

परवा द्वारकेच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली ह्यांनी. चहाच्या टपरीवरून माणूस काचेपाशी आला, विचारलं, "किती देऊ?" हे हसले, सासूबाईंकडे बघून म्हणाले, "दोन दे. आम्ही दोघंच आहोत आज." दोन चहा आत आले, दोघं मायलेक फुंकर मारत प्यायले.

मी? मी मागे होते ना. झेंडूच्या कॅरेटांच्या मधे, मागच्या काचेकडे तोंड करून. म्हटलं, जाऊ दे, बोलायचं कशाला… भुताला चहा कोण विचारतंय?